जपून ठेवलेली बॅटरी

आमच्या घरात वस्तू आधी जपली जाते आणि मग, जमलंच तर, वापरली जाते. रिमोटला प्लॅस्टिकची पिशवी, सोफ्याला कव्हर, कव्हरवर चादर. तुमच्याकडेही फार वेगळं नसेल!

२०२१ साली बाबांसाठी घेतलेला लॅपटॉप याला अपवाद कसा असणार? आईने त्याच्यासाठी क्रोशाचं झाकण विणलं आणि बाबांनी चार्जर लावला तो कायमचाच. "अगं, लाइट आहेत तोवर बॅटरी कशाला खर्च करायची? लाइट गेले की उपयोगी पडेल." हिशेब बिनतोड होता. पण गेल्या वर्षी खरोखरच लाइट गेले, तेव्हा शंभर टक्के दाखवणारी बॅटरी पाऊण तासात बसली. बाबांना वाटलं, कुणीतरी आपल्याला फसवलं.

फसवलं कुणीच नव्हतं. आपल्या मनात अजून जुन्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांचे नियम आहेत. त्या पूर्ण उतरवून मग पूर्ण भरायच्या असत. लॅपटॉपमध्ये असते ती लिथियम-आयन. १९९१ मध्ये ती बाजारात आली आणि तिच्यासाठी २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल तिघांना मिळालं. त्यातले गुडइनफ तेव्हा ९७ वर्षांचे होते! तर ही बॅटरी वापराने झिजतेच, पण नुसती बसूनही झिजते. आणि सगळ्यात जास्त झिजते ती काठोकाठ भरून, उकाड्यात बसली की. पूर्ण भरलेल्या सेलमध्ये व्होल्टेज जास्त असतं, त्यामुळे आतल्या रासायनिक क्रिया सुरूच राहतात आणि थोडं थोडं लिथियम कायमचं अडकून पडतं. उष्णतेने हे सगळं आणखी वेगाने होतं. म्हणजे चार्जरही आणि वर क्रोशाचं झाकणही... बिचारी!

मग करायचं काय? फार काही नाही. वीस ते ऐंशी टक्क्यांच्या मध्ये ठेवायची. बऱ्याच लॅपटॉपमध्ये ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवण्याची सोय असते, ती चालू करायची. गादीवर, उशीवर लॅपटॉप ठेवायचा नाही, हवा कोंडते. महिनाभर गावाला जाणार असाल तर निम्मी भरून बंद करून ठेवायची. आणि बॅटरी फुगलेली दिसली तर वापर तिथेच थांबवायचा, टोचाटोची करायची नाही, ती ई-कचऱ्यातच द्यायची.

हे सगळं बाबांना समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "म्हणजे न वापरताच संपली म्हणायची."

ते वाक्य मला बरेच दिवस पुरलं. रिटायर झाल्यावर हंपीला जायचं, असं आई-बाबा माझ्या लहानपणापासून म्हणायचे. बाबा २००९ साली रिटायर झाले. मग माझं लग्न, मग घराची दुरुस्ती, मग 'पुढच्या थंडीत बघू'. आता आईला दहा पायऱ्या चढल्या की गुडघा धरून थांबावं लागतं. त्यांच्या काटकसरीवर माझं सगळं शिक्षण झालं, तेव्हा त्यांना नावं ठेवायचा मला काहीच अधिकार नाही. पण ती सवय त्यांनी स्वतःवरही वापरली, याचं वाईट वाटतं.

नवी बॅटरी बसवून घेतली. ८० ची मर्यादा बाबांनी स्वतः घातली, आणि झाकण आता मिक्सरवर गेलं आहे. येत्या डिसेंबरची हंपीची तिकिटंही काढली आहेत. मातंग टेकडी आईला जमणार नाही, ती तिने आपणहून यादीतून काढली. विठ्ठल मंदिराचं मात्र तिला टेन्शन नाही. तिथे शेवटच्या टप्प्यात बॅटरीवर चालणाऱ्या गाड्या असतात म्हणे.

"त्यांची बॅटरी कोण बघतं, विचारून घे," बाबांनी सांगून ठेवलंय.