अकलूजचा जलविहार

माळशिरस तालुक्यांतील मुलांस समुद्र भेटतो तो बहुधा प्रथम पुस्तकांतच. रघुवंशाच्या तेराव्या सर्गांत श्रीराम विमानांतून सीतेस समुद्र दाखवितात, तो भाग आम्हीं कित्येक वर्षें वर्गांत शिकविला. परंतु समोरच्या मुलांच्या डोळ्यांपुढें त्या वेळीं काय उभें राही, तें त्यांचें त्यांसच ठाऊक! पावसाळ्यांतील नीरा आणि उन्हाळ्यांतील मृगजळ, एवढेंच जलदर्शन त्यांस घडलेलें.

यंदा वैशाखांत कुलधर्मासाठीं आम्ही सहकुटुंब नीरा-नरसिंहपुरास गेलों. तेथें नीरा भीमेस मिळते. आमच्या थोरल्या भगिनी अक्का, चिरंजीव, सूनबाई व पुण्याहून आलेलीं नातवंडें अशी बारा मंडळी होती. मुलांनीं समुद्राचा हट्ट धरला होता. समुद्र तर सह्याद्रीपलीकडे. तेव्हां परततांना अकलूजचें सयाजीराजे पार्क दाखवावें, असें ठरलें.

तत्पूर्वीं नीरेकांठचा किल्ला पाहिला. आंत शिवचरित्रांतील प्रसंग मूर्तिरूपानें उभे केले आहेत. संभाजीमहाराज संगमेश्वरीं पकडले गेल्याची वार्ता १६८९ सालीं औरंगजेबास पोंचली, ती त्याची छावणी याच अकलूजला असतांना. ही हकीकत आम्ही रंगांत येऊन सांगत होतों; पण धाकट्या नातवाचा एकच प्रश्न : "आजोबा, घसरगुंडी केव्हां?"

पार्कांत शिरतांच मुलें दिसेनाशीं झालीं. उंच घसरगुंड्यांवरून पाण्यासवें खालीं यावें, बुडी मारावी, पुन्हां जिना चढावा, असा क्रम अखंड चालला. सूनबाई मात्र कांठाशींच घोटाळत होत्या. वडील माणसांदेखत पाण्यांत उतरावें कसें, हा संकोच! अक्कांच्या तो ध्यानीं आला. "जा ग, मुलांच्या मागें कोणी तरी हवेंच," असें म्हणून त्यांनीं आपली खुर्ची फिरवून घेतली. आम्हींहि मग पाळण्यांकडे मोर्चा वळविला.

परत आलों तों अक्का एकटक पाण्याकडे पाहत होत्या. "काय रे, बाहत्तर सालीं मी बाळंतपणाला माहेरीं आलें होतें, आठवतें? तान्ह्याचीं दुपटीं धुवायला पाणी नव्हतें. विहिरीच्या तळाशीं वाटीवाटीनें भरीत होतों. आणि इथें पोरें नुसतीं उडवताहेत!"

आम्हांस आठवत होतें. आमचें गांव नीरा उजव्या कालव्याच्या वरच्या अंगास. भाटघरचें मोठें धरण १९२८ सालीं पुरें झालें, माळीनगरचा साखर कारखाना १९३२ सालीं निघाला. कालव्याखालीं ऊस डोलूं लागला आणि वर कुसळें राहिलीं तीं राहिलींच. १९७२ च्या दुष्काळांत हें अंतर आम्हां शाळकरी मुलांसहि कळलें.

पण अक्कांचा राग मुलांवर निघावा, हें आम्हांस रुचेना. नातवास बोलावून हिशेब घातला. पंचवीस मीटर लांब, दहा मीटर रुंद व एक मीटर खोल तलावांत अडीच लक्ष लिटर पाणी मावतें. असलें पाणी गाळून पुन:पुन्हां फिरवितात. उसास मात्र वर्षभरांत सुमारें दोन मीटर उंचीइतकें पाणी लागतें. म्हणजे एकरास ऐंशी लक्ष लिटर. "एका एकराला असे बत्तीस तलाव!" नातू ओरडला. ठिबकानें तें बरेंच वांचतें, हेंहि आम्हीं त्यास सांगितलें. कारण अर्धा हिशेब शिकविणें आम्हांस कधींच मानवलें नाहीं.

अक्का हंसल्या नाहींत. थोड्या वेळानें लुगडें जरा वर सावरून त्या कांठावर बसल्या व पाय पाण्यांत सोडले. नातीनें ओंजळ भरून आणली, ती त्यांनीं डोळ्यांस लावून तलावांतच परत सोडली. दिवे लागेपर्यंत त्यांस उठविण्याचें धैर्य कोणास झालें नाहीं.

वाटेंत रसवंतीवर उसाचा रस घेतला. नातवानें त्याचाहि हिशेब विचारला; तेव्हां आम्हीं त्यास आधीं पेला संपविण्यास सांगितलें.