हॅम : एका घटकाचे वाचन

परभाषेतील साहित्य वाचताना काही शब्द आपण न अडखळता ओलांडून जातो. स्वयंपाकघरातील शब्द त्यांत पुष्कळ असतात. ‘हॅम’ हा त्यांपैकीच एक. ‘डुकराच्या मागच्या पायाचे खारवलेले मांस’ एवढी तळटीप दिली की अनुवादकाचे काम संपते, आणि वर्गात शिकवणाऱ्याचेही. तळटीप खोटी नाही, पण अपुरी आहे, असे आमचे म्हणणे आहे. हॅम हा खाण्याचा पदार्थ म्हणून ओळखणे वेगळे आणि स्वयंपाकातील घटक म्हणून समजून घेणे वेगळे.

नावांपासून सुरुवात करू. इंग्रजी ‘हॅम’चा मूळ अर्थ गुडघ्यामागचा खळगा. स्पॅनिश ‘हामोन’ फ्रेंचमधून आला आणि त्याच्या मुळाशीही ‘पाय’ हाच शब्द आहे. इटालियन ‘प्रोशुत्तो’ मात्र अवयवाचे नाव टाकून क्रियेचे नाव घेतो : कोरडे केलेले. आमच्या मते स्वयंपाक्याने इटालियनांचे ऐकावे, कारण या घटकाचे मर्म कोणत्या अवयवाचे मांस आहे यात नसून त्याचे काय झाले आहे यात आहे.

झालेले असते ते असे. अख्खा पाय मिठात पुरतात. मीठ पाणी ओढून घेते आणि आत मुरते. मग पाय धुऊन, टांगून, महिनोन्महिने हवेवर वाळवतात. उत्तम प्रतीच्या स्पॅनिश हॅमला तर दोन-तीन वर्षेही लागतात. या काळात वजनाचा सुमारे तिसरा हिस्सा उडून जातो. मांसातील प्रथिने त्याच्याच विकरांमुळे तुटत जातात आणि ग्लुटामेटसारखी अमिनो आम्ले मोकळी होतात. किकुनाए इकेदा या जपानी रसायनज्ञाने १९०८ साली समुद्रशैवालाच्या सारातून वेगळी काढून जिला ‘उमामी’ असे नाव दिले, ती हीच चव. जुन्या हॅमच्या कापात पांढरे ठिपके दिसतात. ते मिठाचे खडे किंवा बुरशी नसून टायरोसिन नावाच्या अमिनो आम्लाचे कण असतात. आपल्याकडे शीतगृहांच्या दुकानांत मिळणाऱ्या गुलाबी, ओलसर चकत्या मात्र खारे पाणी भरून शिजवलेल्या मांसाच्या असतात. त्या पावात घालाव्यात. पातेल्यात काळाची जी पुंजी ओतायची, ती त्यांच्यापाशी नसते.

स्पॅनिश शिकण्यासाठी आम्ही दोघे काही महिने सलामान्का शहरात राहिलो. हॅमसाठी नावाजलेले गिहुएलो हे गाव त्याच प्रांतातले. तिथल्या बाजारात तलम कापांचे भाव आमच्या विद्यार्थीदशेला परवडणारे नव्हते, पण करवतीने तुकडे केलेली हॅमची हाडे स्वस्त होती. हॅमचे शिक्षण आम्हांला या हाडांनी दिले. हाड थंड पाण्यात, भिजवलेल्या पांढऱ्या घेवड्याबरोबर, आरंभीच टाकायचे आणि मंद आचेवर तासभर तरी विसरायचे. मीठ अगदी शेवटी, चव पाहून. बहुधा लागतच नाही. बारीक चौकोनी तुकडे असतील तर ते फोडणीसारखे तेलात क्षणभर परतून त्यावर मटार घालायचे. आणि तलम काप हाती आलेच, तर ते चुलीवरून उतरलेल्या पदार्थावर ठेवायचे, कारण आचेवर ते चामड्यासारखे होतात. पाय एकच, पण त्याच्या तीन अंगांना पातेल्यात जाण्याच्या तीन वेगळ्या वेळा आहेत. कोकणातील घरांत वांग्याच्या भाजीत मूठभर सोडे पडतात तेव्हा भाजी वांग्याचीच राहते, पण तिची वाणी बदलते. हॅमचे कार्य याच जातीचे आहे.

हे कळल्यावर सेर्वान्तेसच्या ‘डॉन किहोते’मधील (१६०५, १६१५) दोन जागा आम्हांला वेगळ्या वाचाव्या लागल्या. पहिल्या भागाच्या नवव्या प्रकरणात निवेदकाला तोलेदोच्या बाजारात अरबी हस्तलिखित सापडते. ते वाचणारा मोरिस्को, म्हणजे सक्तीने ख्रिस्ती केलेल्या मुसलमान समाजातला मनुष्य, समासातील एक टीप पाहून हसू लागतो. दुल्सिनेआचा हात डुकराचे मांस खारवण्यात साऱ्या ला मांचात सरस होता, अशी ती टीप. मीठ मुरवणे हे कष्टाचे, शेतघरातले काम. नायकाच्या कल्पनेतील राजकन्येचे हात त्यामुळे क्षणात खारट होतात. शिवाय ही स्तुती अरबी लिपीत आहे आणि ती वाचणाऱ्याच्या पूर्वजांना ते मांस वर्ज्य होते. ज्या स्पेनमध्ये डुकराचे मांस टाळणे हा इन्क्विझिशनपुढे पुरावा ठरत होता, तिथे हा विनोद निरुपद्रवी नव्हता.

दुसऱ्या भागाच्या चोपन्नाव्या प्रकरणात रिकोते भेटतो. हा सांचोच्या गावचा दुकानदार, मोरिस्को. १६०९ ते १६१४ या काळात या समाजाला देशाबाहेर काढण्यात आले. रिकोते जर्मन यात्रेकरूंच्या वेषात, पुरलेले धन काढून नेण्यासाठी चोरून परत आला आहे. गवतावर शिदोरी मांडली जाते. तीत हॅमची हाडे आहेत : मांस उरलेले नाही, चावता येणार नाहीत, पण चोखता येतील अशी. विद्यार्थी येथे भुकेलेल्यांचे दारिद्र्य पाहतात आणि पुढे जातात. पण ज्याने असे हाड पातेल्यात उकळले आहे त्याला ठाऊक असते की, मांस संपल्यावरही चव हाडाजवळच असते. रिकोतेचे घर गेले आहे, आणि तो ज्या मातीसाठी रडतो तिची चव त्याच्यापाशी या रूपात आहे. ते हाड त्याच्या वेषाचा भाग असेल, किंवा खरोखरीची ओढ असेल. सेर्वान्तेस निकाल देत नाही, आणि आम्हीही देऊ नये.

कोण काय खातो यावरून माणसाची परीक्षा करणे आपल्याला अपरिचित नाही. भाड्याचे घर शोधणाऱ्या कोणालाही विचारावे. म्हणूनच हा उतारा मराठी वर्गात शिकवताना ‘हॅम म्हणजे डुकराचे मांस’ एवढ्यावर थांबणे आम्हांला योग्य वाटत नाही. मीठ किती, काळ किती, आणि पातेल्यात ते केव्हा पडते, हेही सांगावे. त्यासाठी ते कोणी खाल्लेच पाहिजे असे नाही. सोड्यांचा दाखला पुरतो.