अण्णांचे खण

लोणी देवकरच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या खरेदी विभागात मी काम करते. माल हाताळायला फारसा लागत नाही. दिवसभर येतात ते मेल. दरपत्रकं, बिलं, चलनं आणि ‘माहितीसाठी’ म्हणून दहाजणांना धाडलेली कुणाकुणाची भांडणं. रात्री भाकरी थापतानाही माझा एक डोळा मोबाईलवर असायचा. हे सासऱ्यांच्या नजरेतून सुटणं शक्य नव्हतं. अण्णा रेल्वे मेल सर्व्हिसमध्ये सॉर्टर होते. पुणे-सोलापूर मार्गावर टपालाच्या डब्यात, हलत्या गाडीत खणांपुढे उभं राहून त्यांची नोकरी झाली.

एकदा शेजारी खुर्ची ओढून बसले. ‘दाखव बरं तुझे खण.’ मी पाठवणाऱ्याच्या नावानं फोल्डर केले होते: साहेब, पुरवठादार, बँक. ‘कुणाकडनं आलं याला आमच्यात किंमत नव्हती,’ अण्णा म्हणाले. ‘जायचंय कुठं, तेवढंच बघायचं. पत्रं वाचत बसलो असतो तर दौंडची थैली कुर्डुवाडीला उतरली असती!’

मग गाडी पिनकोडवर, म्हणजे त्यांच्या आवडत्या रुळावर गेली. 15 ऑगस्ट 1972 ला पिन सुरू झाला. तो आणणारे श्रीराम भिकाजी वेलणकर खात्यातले मोठे अधिकारी आणि वर संस्कृत कवी, याचा अण्णांना घरच्यासारखा अभिमान. आपला जिल्हा पुणे, पण इंदापूरचा पिन 413106, म्हणजे सोलापूरच्या 413001 च्या भावकीतला. ‘टपालाला कलेक्टर कळत नाही, वाट कळते.’

त्याच रात्री फोल्डर मोडले. आता तीनच आहेत: मी करायचं, दुसऱ्याकडून यायचं, नुसतं ठेवायचं. पहिल्या फेरीत उत्तर कुणालाच नाही, फक्त खणात टाकायचं. जाहिराती परस्पर बाजूला पडाव्यात म्हणून नियम लावून दिले. आणि मेल उघडायचे दिवसातून तीनदा. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी 124 जणांवर हेच करून पाहिलं होतं. तीनदाच मेल पाहायच्या आठवड्यात त्यांचा ताण कमी झाला, असा निष्कर्ष 2015 मध्ये छापून आला. अण्णांना यात काही नवल वाटलं नाही. गावात टपाल एकदाच यायचं आणि त्यावाचून कुणी उपाशी राहत नव्हतं.

साहेबांनी विचारलं, तातडीचं आलं तर? उत्तर अण्णांचं तयार होतं: ‘त्याला तार असते.’ तार 2013 मध्ये बंद झाली, म्हणून पुरवठादारांना कळवलं, गाडी अडली तर फोन करा. फोन फार येत नाहीत. लाल खुणेनं येणारं बरंचसं तातडीचं नसतंच, असं माझं मत झालंय.

माहेरचं ऋण बायका बोलून दाखवतात, सासरचं सहसा नाही. मी दाखवते. माझ्या संध्याकाळी मला परत मिळाल्या त्या अण्णांमुळे. त्यांच्या स्वतःच्या व्हॉट्सॲपवर मात्र न उघडलेल्या सुप्रभातांचा ढीग आहे. ‘याचं सॉर्टिंग कधी?’ विचारलं तर म्हणतात, ‘हे सगळं बिनतिकिटाचं. बिनतिकिटाच्या पत्राचे घेणाऱ्याकडनं दुप्पट वसूल व्हायचे. मी कशाला भरू?’