सोयाबीनची थप्पी आणि माजघरातला डबा

ताडकळसचं आमचं घर अर्धं जुनं, अर्धं नवं. रस्त्याच्या अंगाला ढाळज आणि माळवदाचं माजघर. भिंती पांढऱ्या मातीच्या, हात आत घातला तर कोपरापर्यंत जाईल एवढ्या रुंद. अंगण ओलांडलं की मागे सिमेंटच्या दोन खोल्या. पुण्याच्या कंपनीचं काम मी त्यातल्या एका खोलीत बसून करतो. फायबरची तार खांबावरून ढाळजेत उतरते, म्हणून तिथं पहिला डबा. दुसरा माजघरात, तिसरा माझ्या खोलीत. बिनतारी जोडलेल्या अशा डब्यांच्या जाळीला मेश म्हणतात. २०२४च्या उन्हाळ्यात बसवली, तेव्हा गोठ्याच्या दारातसुद्धा व्हिडिओ चालायचा.

दिवाळीनंतर मीटिंगा तुटायला लागल्या. बोलता बोलता समोरच्याचा चेहरा गोठायचा, अर्ध्या मिनिटानं पुन्हा हलायचा. वैताग याचा, की फोनवर वाय-फायच्या रेघा भरलेल्या. कंपनीच्या हेल्पलाइनवर फोन केला की एकच उत्तर, "सर, रिस्टार्ट करून बघा." रिस्टार्ट केल्यावर तासभर बरं चालायचं, म्हणून तेही खोटं म्हणता येईना.

दोष बाहेरच्या तारेत आहे की घरातल्या वाय-फायमध्ये, हे आधी ठरवावं लागतं. फायबरच्या डब्यावरचा एलओएसचा दिवा लाल झाला, तर प्रकाशच पोचत नाही असं समजायचं. आमचा एकदाही लाल झाला नाही. मग लॅपटॉपवर दोन खिडक्या उघडल्या. एकीतून घरच्याच राउटरला पिंग, दुसरीतून बाहेरच्या ८.८.८.८ला. राउटरचं उत्तर येतंय आणि बाहेरचं थांबलंय, असं असेल तर दोष खांबाकडे. दोन्ही एकदम थांबली तर दोष घरात. माझ्याकडे दोन्ही एकदम थांबायची. खात्रीला लॅपटॉप ढाळजेत नेऊन राउटरला केबलनं जोडला. अख्खी संध्याकाळ एक पिंग चुकला नाही. म्हणजे हेल्पलाइनशी भांडण्यात अर्थ नव्हता.

पहिला चोर सोपा निघाला. फायबर बसवणाऱ्या पोरानं दिलेल्या डब्याचं स्वतःचं वाय-फाय चालूच होतं, आणि नाव-पासवर्ड मेशचाच ठेवलेला. 'लक्षात ठेवायला सोपं' म्हणून. फोनला दोन्ही एकच वाटायची. तो एकावरून दुसऱ्यावर उडी मारायचा, पत्ता वाटणारे दोघे वेगळे असल्यामुळे नवा पत्ता घ्यायचा आणि चालू कॉल मरायचा. त्या डब्याचं वाय-फाय बंद केलं, निम्मा त्रास गेला. माजघरातल्या डब्याचा अडॅप्टर इन्व्हर्टरच्या बोर्डावर नव्हता. लाइट गेली की मधला डबा मरायचा आणि मागचा एकटा पडायचा. तोही त्या बोर्डावर घेतला. उरलेला निम्मा मात्र जाईना.

फोनमधलं एक फुकटचं अ‍ॅप सिग्नल आकड्यात दाखवतं. आकडा उणे असतो, शून्यापासून जितका लांब तितका सिग्नल कमजोर. उणे सदुसष्टपर्यंत कॉल धड चालतो, उणे ऐंशीच्या आसपास तुटतो. ढाळजेतल्या डब्याचा आकडा बघत मी फोन घेऊन घरभर फिरायला लागलो, तसे दादा म्हणाले, "काय शोधायलास रे भिंतीला?" ढाळजेतून माजघराच्या उंबऱ्यावर आलो तर उणे अठ्ठावन्न. चार पावलं आत, मधला डबा ठेवलेल्या कोनाड्यापाशी, उणे एकोणऐंशी. मध्ये भिंत नव्हती. सोयाबीन होतं.

सप्टेंबरच्या सुरुवातीला परभणी, हिंगोली, नांदेडला अतिवृष्टी झाली, पुढंही पाऊस उघडला नाही, माल ओला निघाला. त्या हंगामाचा हमीभाव ४,८९२ रुपये क्विंटल, बाजारात त्याहून बराच कमी. हमीभाव केंद्रावर बारा टक्क्यांवर ओलावा असलेला माल परत पाठवायचे. नोव्हेंबरात केंद्र सरकारनं ती मर्यादा पंधरावर नेली खरी, पण तोवर गावोगावच्या माजघरांत थप्प्या लागल्या होत्या. आमचीही लागली, जमिनीपासून थेट सरापर्यंत. ढाळजेतला डबा आणि मधला डबा यांच्या अगदी मधोमध.

पाणी वाय-फायच्या लहरी पितं. धान्य नुसतं कोरडं असतं तर एवढं अडलं नसतं. दाण्यातला ओलावा नडतो, आणि पोत्यांची रास जितकी जाड तितका जास्त. आडतीवर मूठभर दाणे टाकून ओलावा दाखवणारं यंत्र असतं, तेही पाण्याच्या याच विद्युत गुणावर चालतं. माझ्या फोननं तेच माप वेगळ्या आकड्यात दाखवलं होतं. भिंतींचंही थोडं तसंच. उन्हाळ्यात खडखडीत वाळलेली पांढरी माती पावसाळाभर पाणी धरते. मे महिन्यात जागा ठरवून बसवलेली जाळी त्या घरासाठी होती; दिवाळीनंतरचं घर दुसरंच.

भरल्या रेघांचा उलगडाही इथंच झाला. फोन रेघा दाखवतो त्या फोन आणि जवळचा डबा यांच्यातल्या. माझ्या खोलीतला डबा टेबलावरच, म्हणून रेघा भरलेल्या. त्या डब्याला मागून मधल्या डब्याकडून आणि मधल्याला ढाळजेकडून किती मिळतंय, हे फोनला दिसत नाही. हे डबे आपसात शक्यतो पाच गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर बोलतात. दुसरा पट्टा २.४चा. पाचचा वेग जास्त, पण आडोसा त्याला २.४पेक्षा कमी सोसतो. थप्पीमुळे तो दुवा तुटायचा, मधला डबा २.४वर उतरून पुन्हा जोडून घ्यायचा, आणि तेवढ्यात इकडे पुण्यातला साहेब गोठलेला.

"दादा, चार पोती बाजूला घेता का?"

"तुझा डबा हलव. माल हलत नसतो."

डबा हलवला. माजघराच्या मागच्या दारावर, अंगणाकडे तोंड करून टांगला. ढाळजेतून बोळीनं अंगणात सरळ वाट होती. दिवसभर झकास. संध्याकाळी दिवेलागणीला नेमकं जायचं. दोन दिवस मी शेजाऱ्यांच्या राउटरवर संशय घेत होतो. शेवटी माय बोळीचं पत्र्याचं दार लावताना दिसली. दार उघडं ठेव म्हटलं तर म्हणाली, "मांजर शिरलं तर दूध कोण राखंल, तुझं नेट?" लोखंडाचा पत्रा लहरी परतवून लावतो, त्याच्यापुढं सोयाबीन परवडलं.

मग बिनतारीचा नाद सोडला आणि तार ओढली. गावातल्या वायरमननं कॅट-सिक्स केबल पीव्हीसीच्या पाइपातून माळवदाच्या कडेनं, जुन्या झरोक्यातून काढून माझ्या खोलीपर्यंत आणली. पाइप हवाच. धान्याच्या घरात उंदीर असतात आणि केबलचं प्लास्टिक त्यांना आवडतं. शेवटी केबलच ओढायची होती तर मेश मुळात घेतलीच कशाला, असं कुणी विचारील. पण मागचा डबा केबलनं जोडला तरी नाव एकच राहतं, फोन ढाळजेतून खोलीत आला तर स्वतः डबा बदलतो. घेताना मात्र प्रत्येक डब्याला केबलचं भोक आहे का, ते बघून घ्यावं. काही स्वस्त संचांत ते फक्त मुख्य डब्याला असतं.

सगळंच सुटलं असं नाही. मायचा जुना फोन ढाळजेतला डबा सोडत नाही. ती मागच्या खोलीत येऊन बहिणीशी बोलायला बसली तरी तो लांबच्या डब्यालाच चिकटून. कोणता डबा धरायचा हे शेवटी फोन ठरवतो. डबे त्याला सुचवू शकतात, ओढू शकत नाहीत. तिचं वाय-फाय एकदा बंद-चालू करून देतो, तेवढ्यापुरतं भागतं.

माघात थप्पी गेली. भाव काही वाढला नव्हता, पण घरात किती दिवस ठेवणार. माजघर मोकळं झाल्यावर अ‍ॅप उघडून बघितलं, कोनाड्यापाशी आकडा उणे एकसष्टवर आला होता. केबल काढली नाही. दादांनी पाइपाकडे बघून विचारलं, "ही वायर मळ्यातल्या आखाड्यापर्यंत जाईल का? मोटारीपाशी कॅमेरा लावायचा हाय." मी म्हटलं, तांब्याची तार शंभर मीटरपर्यंतच, मळा त्याच्या कितीतरी पुढं, तिथं फायबर ओढावं लागेल नाहीतर मोबाइलचं सिमवालं यंत्र लावावं लागेल. ते खर्च विचारून गप्प बसले. आता तुरीचे पैसे आले की बघू म्हणतात.