सरासरीच्या आड दडलेला पाऊस

पंचांगात मृग नक्षत्र साधारणपणे ७ जूनला लागते. सुलोचना गाडगीळ यांचा जन्म १९४४ साली त्याच तारखेला पुण्यात झाला. हा योगायोग लिहिण्याचा मोह होतो खरा. पण योगायोग कोणता आणि संबंध कोणता, हे पारखण्यात ज्यांचे आयुष्य गेले, त्यांच्या बाबतीत तरी त्याला त्याहून अधिक अर्थ चिकटवू नये. माहेरच्या त्या फाटक. फर्ग्युसन महाविद्यालयातून बाहेर पडून त्या गणिताकडे वळल्या. हार्वर्ड विद्यापीठात त्यांनी समुद्रप्रवाहांच्या गणितावर काम केले आणि १९७० मध्ये डॉक्टरेट मिळवली. १९७१ मध्ये पती माधव गाडगीळ यांच्यासह त्या मायदेशी परतल्या. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेत अल्पकाळ काम करून १९७३ मध्ये त्या बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत आल्या, आणि पुढचे जवळजवळ सारे संशोधन त्यांनी तिथेच केले.

विषय एकच होता, पाऊस. त्यातही पावसाचा लहरीपणा. भारताच्या चार महिन्यांच्या पावसाची सरासरी सुमारे ८७ सेंटिमीटर आहे, आणि एखाद्या वर्षी ती दहा टक्क्यांनी घसरली तरी देशभर दुष्काळाची भाषा सुरू होते. दहा टक्के म्हणजे फार नव्हे, असे कागदावर वाटते. पण ही सरासरी साऱ्या देशाची. चेरापुंजी आणि जैसलमेर तिच्यात एकत्र नांदतात. ती कोणाच्याही शेतावर पडत नाही. शेतावर पडतो तो त्या वर्षीचा, त्या आठवड्याचा पाऊस, किंवा पडत नाही.

मोसमी पाऊस का येतो, या प्रश्नाचे शाळेत मिळणारे उत्तर एडमंड हॅलीने १६८६ मध्ये सुचवले होते. उन्हाळ्यात जमीन समुद्रापेक्षा अधिक तापते, वर जाणाऱ्या हवेची जागा घ्यायला समुद्रावरून बाष्पाने भरलेले वारे येतात, आणि पाऊस पडतो. गाडगीळ यांचा आक्षेप साधा होता, आणि साधेपणामुळेच तो पचायला जड गेला. जमीन सर्वांत तापते मे महिन्यात. मग पाऊस जुलैत का जोर धरतो? पाऊस जमिनीच्या तापण्यावर अवलंबून असता, तर ज्या वर्षी जमीन जास्त तापते त्या वर्षी तो जास्त पडायला हवा. अनुभव याच्या उलट आहे. दुष्काळाच्या वर्षीच जमीन अधिक तापलेली असते, कारण तिला निववायला ढग नसतात. तेव्हा मोसमी पाऊस हा खाऱ्या वाऱ्याचा मोठा भाऊ नव्हे. विषुववृत्ताभोवती ढगांचा जो पट्टा असतो, तोच उन्हाळ्यात उत्तरेकडे सरकून भारतावर येतो.

डी. आर. सिक्का यांच्यासह १९८० मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात त्यांनी उपग्रहांच्या रोजच्या छायाचित्रांवरून हे दाखवले. त्यात आणखी एक गोष्ट स्पष्ट झाली. विषुववृत्तीय हिंदी महासागरावर ढगांचे नवे पट्टे तयार होतात आणि दोन ते सहा आठवड्यांच्या अंतराने उत्तरेकडे सरकत जमिनीवरच्या पावसाला नवे बळ देतात. शेतकरी ज्याला पावसाचा खंड म्हणतो, तो या दोन पट्ट्यांमधला काळ. पुढे १९८४ मध्ये पी. व्ही. जोसेफ आणि एन. व्ही. जोशी यांच्यासह त्यांनी समुद्राच्या तापमानाचा उंबरठा दाखवून दिला. पृष्ठभागाचे तापमान सुमारे २८ अंशांच्या खाली असेल तर उंच ढगांची दाटी सहसा होत नाही. त्याच्या वर गेले तर ती होऊ शकते. होईलच असे नाही.

हे ‘होऊ शकते’ आणि ‘होईल’ यांतले अंतर भाकिताच्या इतिहासात फार महागात पडले आहे. १८९९च्या दुष्काळाची आठवण ताजी असताना, १९०४ साली, गिल्बर्ट वॉकर हा केंब्रिजचा गणितज्ञ भारतीय वेधशाळांचा प्रमुख होऊन आला. वातावरणाची समीकरणे सुटणारी नव्हती. म्हणून त्याने जगभरच्या हवेच्या दाबांच्या, तापमानांच्या आणि पर्जन्यमानाच्या नोंदी घेतल्या आणि भारतातील पावसाशी त्यांचे सहसंबंध काढले. शेकडो सहसंबंध तपासले की त्यांतले काही निव्वळ दैवयोगाने भक्कम दिसणारच, हा इशाराही त्यानेच १९१४ मध्ये दिला होता. त्याचे वारस तो नेहमी लक्षात ठेवते, तर बरे झाले असते.

वसंत गोवारीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोळा घटकांवर उभारलेले प्रारूप १९८८ पासून वापरात आले आणि त्या वर्षीच्या उत्तम पावसाने त्याचे नाव झाले. पुढे कित्येक वर्षे पाऊस सर्वसाधारण राहिला आणि भाकितही तसेच राहिले. २००२च्या जुलैत देशभर निम्माच पाऊस झाला आणि हंगामाची तूट १९ टक्क्यांवर गेली, तेव्हा भाकित मात्र सर्वसाधारण पावसाचेच होते. २००४ मध्ये पुन्हा तेच. त्यानंतर गाडगीळ, एम. राजीवन आणि रवी नंजुंडय्या यांनी १९३२ पासूनची अधिकृत भाकिते तपासली. इतक्या दशकांत त्यांच्या अचूकतेत म्हणावी तशी सुधारणा झालेली नाही, हा त्यांचा निष्कर्ष कोणाला सुखावणारा नव्हता. सरासरीच्या आसपासचे वर्ष सांगणे तसे सोपे, कारण बहुतेक वर्षे तशीच असतात. कस लागतो तो टोकाच्या वर्षी.

आणि टोकाचे वर्ष एल निन्योवरून ओळखता येईल, ही आशाही पुरती खरी ठरली नव्हती. १९९७ चा एल निन्यो शतकातल्या सर्वांत प्रबळ एल निन्योंपैकी एक होता. तरी भारतात पाऊस सरासरीइतका झाला. २००२ चा त्यामानाने दुबळा होता, आणि दुष्काळ पडला. २००४ मध्ये गाडगीळ यांनी पी. एन. विनयचंद्रन, पी. ए. फ्रान्सिस आणि आपला गणितज्ञ मुलगा सिद्धार्थ यांच्यासह या कोड्याचे एक उत्तर मांडले. पॅसिफिकइतकेच आपल्या पायाशी असलेल्या महासागराकडेही पाहावे लागते. विषुववृत्तीय हिंदी महासागराच्या पश्चिम भागावर ढग दाटले आणि पूर्व भागावर विरळ झाले, तर ते भारतातील पावसाला पोषक. उलट झाले तर मारक. १९९७ मध्ये हे आंदोलन अनुकूल होते, २००२ मध्ये प्रतिकूल. दोन्ही एकत्र पाहिली की टोकाची वर्षे बरीच उलगडतात.

हे सारे महासागरांच्या पातळीवर झाले. बंगळूरच्या उत्तरेला, सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत, पावगड तालुका आहे. त्याला लागूनच आंध्रातला अनंतपूर जिल्हा. माणदेश पाहिलेल्या मराठी माणसाला तिथली लाल, तहानलेली जमीन परकी वाटणार नाही. पूर्वी तिथे भरडधान्ये आणि कडधान्ये यांची मिश्र पिके असत. काही दशकांत ती मागे पडली आणि नजर पोहोचेल तिथवर पावसावरचा भुईमूग उभा राहिला. नव्या पिकाबरोबर पिढ्यान्‌पिढ्यांचे अनुभवाचे आडाखे आपोआप आले नाहीत. स्वतः त्या तालुक्यात शेती करणारे पी. आर. शेषगिरी राव आणि इतर सहकारी यांच्यासह गाडगीळ तिथल्या शेतकऱ्यांकडे गेल्या. विज्ञानाकडे तयार असलेली उत्तरे त्यांच्या हाती देण्याऐवजी तुमचे प्रश्न कोणते, असे त्यांनी विचारले. पहिला प्रश्न पेरणीचा निघाला. वाफसा येताच पेरावे, की पुढच्या पावसाची वाट पाहावी?

भुईमुगाचे गणित नाजूक असते. फुले आल्यावर आऱ्या जमिनीत शिरण्याच्या आणि शेंगा भरण्याच्या दिवसांत खंड पडला, तर वेल हिरवे दिसतात आणि उपटल्यावर हाती पोचट शेंगा येतात. काढणीला पाऊस लागला तर वेगळेच नुकसान. म्हणून या संशोधकांनी फ्लोरिडात तयार झालेल्या पीकवाढीच्या संगणकीय प्रारूपाला अनेक वर्षांच्या पावसाच्या रोजच्या नोंदी दिल्या. अमुक तारखेला पेरले असते तर त्या त्या वर्षी काय पिकले असते, हे त्यांनी तारखेमागून तारीख पाहिले. पण कसोटी केवळ सरासरी उत्पन्नाची ठेवली नाही. पीक बुडण्याची शक्यता कोणत्या तारखांना किती, हेही मोजले. कर्ज काढून पेरणाऱ्याला दहा वर्षांची सरासरी उपयोगी नसते. दुसऱ्याच वर्षी तो संपू शकतो.

सासरे धनंजयराव गाडगीळ यांच्या मार्गदर्शनाखाली गोखले संस्थेने प्रवरा-गोदावरी कालव्यांचे आर्थिक लाभ मोजले होते. सुनेने कालवा न पोहोचलेल्या जमिनीचा हिशेब मांडला. २००६ मध्ये सिद्धार्थ यांच्यासह लिहिलेल्या निबंधात त्यांनी दाखवले, की शेतीचा राष्ट्रीय उत्पन्नातला वाटा एवढा घटूनही तीव्र दुष्काळाचा फटका त्या उत्पन्नाच्या २ ते ५ टक्के एवढाच राहिला. त्याहून मार्मिक निरीक्षण दुसरेच आहे. वाईट वर्ष जितके घेऊन जाते, तितके चांगले वर्ष देत नाही. कारण पाऊस चांगला होईल याचा भरवसा नसल्याने कोरडवाहू शेतकरी खत आणि औषध यांवर खर्च करत नाही, आणि पाऊस आलाच तर त्याचा पुरता लाभही पदरात पडत नाही. म्हणून यंदा दुष्काळ पडणार नाही, हे विश्वासाने सांगणेही दुष्काळाच्या भाकिताइतकेच मोलाचे, असे त्या आग्रहाने म्हणत.

त्याच वर्षी, त्यांच्याच केंद्रात दीर्घकाळ काम केलेले बी. एन. गोस्वामी आणि त्यांचे सहकारी यांनी मध्य भारतातील १९५१ ते २००० च्या नोंदी तपासल्या. एकूण पाऊस फारसा बदललेला नव्हता. मात्र मुसळधार दिवस वाढले होते आणि मध्यम पावसाचे घटले होते. आदल्याच वर्षी, २६ जुलै २००५ रोजी, सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता. बंगळूरनेही सप्टेंबर २०२२ मध्ये रस्त्यांवरून नावा फिरताना पाहिल्या आणि २०२४ च्या उन्हाळ्यात पाण्याच्या टँकरांसाठी लागलेल्या रांगाही.

सुलोचना गाडगीळ २४ जुलै २०२५ रोजी गेल्या. पावगडात आता सुमारे १३,००० एकरांवर सौरऊर्जेचा प्रकल्प उभा आहे. ढग न येण्याची ज्यांनी आयुष्यभर धास्ती घेतली, त्या शेतकऱ्यांनी जमीन भाड्याने दिली आणि आता त्या निरभ्र आकाशाचेच भाडे त्यांना दरवर्षी मिळते. ज्यांची जमीन नव्हती, जे दुसऱ्याच्या शेतात भुईमूग उपटून पोट भरत, त्यांना ते मिळत नाही. प्रकल्पाच्या कुंपणापलीकडे पेरणी अजून पावसावरच होते.