बांध

ज्वारीच्या कडेनं काटेरी करडईची तासं असायची, ढोरं आत शिरू नयेत म्हणून. त्यापलीकडे बांध. कुठलं शेत कुणाचं, याच्याशी आम्हा पोरांना देणंघेणं नव्हतं. बांध मात्र आमचा होता. बोरं तिथंच, शाळेची वाटही तीच. पावसाळ्यात आजी तिथं कुर्डू, तांदुळजा खुडायची, तेव्हा शेजारच्या शेतातली काकूही त्याच बांधावर वाकलेली असायची.

मग वडील आणि चुलते वेगळे निघाले. एका गटाचे चार पोटहिस्से झाले. तेहतीस फुटी साखळी, साखळी बाय साखळी म्हणजे गुंठा, असे 40 गुंठे की एकर, हा हिशेब मी तेव्हा ऐकून पाठ केला. काळी, मुरमाड, विहिरीजवळची, प्रत्येकाला प्रत्येकातली थोडी हवी. मागणं रास्तच होतं. पण त्यापायी उभे, अरुंद पट्टे पडले आणि औत वळवायला जागा राहिली नाही. विहीर तेवढी सामाईक राहिली, पाण्याच्या पाळ्या लावून. एका गटात तीन नवे बांध आले. जमीन कमी पडू लागली तसा जो तो नांगर बांधाला घासून नेऊ लागला. गावात याला बांध कोरणं म्हणतात, आणि त्यावरून सख्खे भाऊ कोर्टात उभे राहिलेले मी पाहिलेत.

तुकडेबंदीचा कायदा 1947चा. तरीही 1970-71च्या कृषिगणनेत राज्यात सरासरी 4.28 हेक्टर असलेलं खातं 2015-16 मध्ये 1.34 हेक्टरवर आलं.

वारसा कायद्यातल्या 2005च्या दुरुस्तीनं मुलींना वडिलोपार्जित जमिनीत मुलांइतकाच हक्क दिला. तरी बहिणीनं हक्कसोडपत्रावर सही करावी आणि माहेरची साडी घेऊन निघावं, ही रीत आमच्याकडे अजून चालते. मला ती अन्यायाची वाटते. मी सही केली नाही. भावानं मन मोठं केलं, मोजणीला स्वतः हजर राहिला. माझ्या वाट्यानं जमिनीचा आणखी एक तुकडा पडला, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच मी बांध रुंद मागितला, दोन्ही बाजूंनी दीड-दीड फूट सोडून. त्यावर अंबाडी लावली, बोरी राखल्या.

पुतण्या ट्रॅक्टर घेऊन आला तेव्हा म्हणाला, ‘‘आत्या, एवढा बांध सोडला तर दोन तासं कमी बसतील.’’

‘‘बसू देत,’’ म्हटलं, ‘‘दोन्ही माझ्या बाजूची धर.’’