दारासमोरचा दगड

भवानी पेठेत घरं दोन प्रकारची. दारासमोर दगड असलेली आणि दारासमोर मोडकी खुर्ची असलेली. पूर्वी तिसराही एक प्रकार होता, दारासमोर रांगोळी असलेल्या घरांचा. पण रांगोळीवर लोक खुशाल स्कूटर लावतात आणि दगडावर लावता येत नाही, हे ध्यानात आल्यापासून गृहिणींचाही कल दगडाकडे झुकला आहे.

हे दगड म्हणजे वाटेत पडलेले धोंडे नव्हेत, बरं का! प्रत्येकाला मालक आहे. काहींना दिवाळीला चुना लागतो. एका घरासमोर भंगारात निघालेल्या मागाचं चाक आहे. आमच्या शेजारच्या अण्णांनी तर रंगाचा रिकामा डबा सिमेंटने भरून त्यात लोखंडी गज उभा केला आहे. सकाळी गाडी निघाली की हा डबा बाहेर येतो आणि संध्याकाळी गाडी आली की आत जातो. इतक्या नियमाने पूर्वी लोक गाय बांधत आणि सोडत.

तुम्ही म्हणाल, गाडी घरात का लावत नाहीत? त्याचं असं आहे, की आमच्या पूर्व भागातली जुनी घरं बांधली गेली ती मागासाठी. खाली माग, वर माणसं, आणि दोहोंच्या मधल्या जिन्यात सुताची बाचकी. घरधनी सायकलवर हिंडे आणि सायकल कशालाही टेकून उभी राही. पुढे लुना आली, स्कूटर आली, मोटारसायकल आली आणि शेवटी नातवाने हप्त्यावर चारचाकी आणली. माग आतच राहिला, कारण तो पोटाला घालतो. गाडी बाहेर राहिली. बाहेर म्हणजे रस्त्यावर. रस्ता म्युनिसिपालटीचा, म्हणजे सगळ्यांचा, म्हणजे कुणाचाच नाही, म्हणजे आपला. या तर्काला भवानी पेठेत अजून कुणी तोड काढलेली नाही. वर टॉवेल-चादरींचे गठ्ठे न्यायला छोटा हत्ती येतो. नाव छोटा असलं तरी गल्लीच्या मानाने तो हत्तीच असतो.

जानेवारी २०१६ मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत सोलापूरचं नाव आलं, तेव्हापासून ‘स्मार्ट पार्किंग’ हा शब्द आमच्याही कानावर पडू लागला. त्याचा अर्थ मला माझ्या पुण्याच्या भाच्याने सांगितला. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को शहराने २०११ साली रस्त्यातच यंत्रं बसवली. खाली जागा रिकामी आहे की भरलेली, हे ती यंत्रं कळवत. ज्या रस्त्यावर गर्दी, तिथला दर चढवायचा, जिथे कुत्रं फिरकत नाही, तिथला उतरवायचा. असे सुमारे सात हजार जागांचे भाव त्यांनी भाजी मंडईसारखे वरखाली केले.

“मामा, इथं पण बसवायला हवीत,” भाचा म्हणाला.

मी त्याला खिडकीतून रस्ता दाखवला. तो नुकताच पाइपासाठी खणून झाला होता आणि केबलसाठी खणायचा होता. आमच्या रस्त्याच्या पोटात गेलेली कुठलीही वस्तू चार महिन्यांत फावड्यावर वर येते. “आणि पुण्यात काय केलंत रे?” मी विचारलं. २०१८ साली तिथल्या महापालिकेने रस्त्यावरच्या पार्किंगला पैसे घ्यायचं धोरण मंजूर केलं, तेव्हा त्याविरुद्ध निदर्शनं झाली होती. भाच्याने चहाचा कप तोंडाला लावला.

शिवाय आमच्याकडे यंत्राची गरज काय? कोपऱ्यावर पानटपरीवाले मामा आहेत. यंत्राला फक्त गाडी उभी आहे एवढंच कळतं. मामांना ती कुणाची, कधी हलणार आणि हप्ता किती थकलाय, हेही कळतं. “ती पांढरी व्हय? मालक सासुरवाडीला गेलेत, सोमवारपर्यंत हलत नाही बे!” आठ-दहा गाड्यांच्या किल्ल्या त्यांच्याकडे चुन्याच्या डबीशेजारी लटकत असतात. अडचण एकच. मामा दुपारी जेवायला जातात, आणि तेवढ्यात गल्लीची वाहतूकव्यवस्था कोलमडते.

तारखेप्रमाणे बाजू बदलायचा सरकारी उपाय मात्र मला मनापासून आवडतो. विषम तारखेला या बाजूला, सम तारखेला त्या बाजूला. पण एकतीस तारखेनंतर येते एक तारीख, दोन्ही विषम. मग एका बाजूच्या दुकानदारांसमोर लागोपाठ दोन दिवस गाड्या. असा अन्याय वर्षातून सात वेळा होतो, हे त्यातल्या एकाने मला बोटावर मोजून दाखवलं.

पैसे घेण्याची कल्पना मुळात दुकानदारांच्याच भल्यासाठी निघाली होती. ओक्लाहोमा सिटीत १६ जुलै १९३५ ला जगातला पहिला पार्किंग मीटर लागला. तिथे कचेऱ्यांतले लोक सकाळी गाडी लावत ती संध्याकाळीच काढत, आणि गिऱ्हाइकाला दुकानापाशी थांबायला जागा नसे. यावर मीटरची युक्ती काढली कार्ल मॅगी नावाच्या वर्तमानपत्रवाल्याने. (वर्तमानपत्रवाल्याच्या सूचनेवर अंमलबजावणी झाल्याचं हे दुर्मिळ उदाहरण आहे.) पुढे लॉस एंजेलिसचे प्राध्यापक डोनाल्ड शूप यांनी या विषयाला आयुष्य वाहिलं. २००५ साली फुकट पार्किंगची भारी किंमत सांगणारा जाडजूड ग्रंथ लिहिला. एका पंधरा ब्लॉकांच्या भागात केवळ जागा शोधत लोक वर्षाला साडेनऊ लाख मैल गाडी फिरवतात, असा हिशेब त्यांनी केला. जागा फुकट असली की तिची किंमत कुणीतरी दुसराच देतो, हा त्यांचा मुद्दा. आणि घेतलेला पैसा त्याच रस्त्यावर खर्च करा, म्हणजे लोक कुरकुरणार नाहीत, ही तोड. पॅसाडीना गावच्या जुन्या पेठेत १९९३ साली मीटर लावून त्या पैशातून फुटपाथ आणि दिवे केले, तर बसलेला बाजार उठला म्हणतात.

हे सगळं मी गल्लीच्या बैठकीत सांगितलं. बैठकीला निमित्तही तसंच घडलं होतं. मधल्या बोळात एका म्हाताऱ्या गृहस्थांना रात्री छातीत कळ आली आणि अँब्युलन्स तोंडाशीच अडली. पोरांनी त्यांना खाटेसकट उचलून दगड, डबे, खुर्च्या ओलांडत नेलं. ते वाचले. पण खाट नेताना अण्णांच्या गजात धोतर अडकून एक पोरगा पडला, आणि दुसऱ्या दिवशीपासून अण्णा कुणाच्या नजरेला नजर देईनात.

महिना थोडी वर्गणी ठेवावी, दगड काढावेत, तोंडाजवळ दोन गाड्यांची जागा कायम रिकामी ठेवावी, असा माझा प्रस्ताव. तत्त्व सगळ्यांना पटलं. वर्गणी शेजाऱ्याने द्यावी, यावरही एकमत झालं. एकाने जपानचा दाखला दिला. तिथे १९६२ पासून कायदाच आहे, जागा दाखवल्याशिवाय मोटार नाही. आपल्या परिवहनमंत्र्यांनीही मे २०२५ मध्ये तसंच बोलून दाखवलंय म्हणे. हे ऐकून ज्यांच्याकडे गाडी होती त्यांनी टाळ्या वाजवल्या. ज्यांना घ्यायची होती ते उठून गेले.

“आणि रथाच्या दिवशी कसं करताव?” मागून आवाज आला. अव्वा होती. नारळी पौर्णिमेला मार्कंडेय महामुनींचा रथ पूर्व भागातून निघतो, तेव्हा वाटेवरची एक सायकलसुद्धा जागेवर राहत नाही, हे खरं होतं. कुणी काही बोलेना.

अव्वाने चाळीस वर्षं बिड्या वळल्या. अजूनही डोक्यावर टोपली घेऊन कारखान्याला जाते. तिच्या सात पिढ्यांत गाडी नाही. रस्त्याच्या दोन्ही कडा गाड्यांनी भरल्यामुळे ती मधून चालते आणि मागून हॉर्न खाते. तिच्याकडून वर्गणी घ्यावी का, यावर दहा मिनिटं चर्चा झाली. तिला द्यावी का, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. शूपसाहेबांचं पुस्तक वाचलेल्या माणसाच्याही.

बैठक पुढच्या रविवारवर गेली. सकाळी दार उघडतो तो समोर अव्वा. अण्णांचा डबा बाजूला सरकवून तिथे पाट टाकून बसलेली, मांडीवर सूप, तंबाखू, पानं, दोरा, बोटं चालू. अण्णा हात जोडून उभे.

“अव्वा, उठ की गं. गाडी लावायची आहे.”

“माझी लागलीय न्हवं!”

“तुझी कुठली गाडी?”

अव्वाने सूप जरा उचललं आणि पाय पुढे पसरून दाखवले.

“ही काय. टू-व्हीलर हाय. आणि संध्याकाळपर्यंत हलत नाही बे!”